मनोऱ्याच्या फोटोत आमचं दार

सगळ्यात आधी माफी मागते. माझं अक्षर फार वाईट आहे, ओळ सुरू होते तिथून खाली घसरत जाते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत कळलं नाही, आता कुठून कळणार. हे लिहिलेलं कोणाला वाचायला द्यायचं नाही, मग माफी कोणाची मागते ते मलाही माहीत नाही. पण सवय आहे. किराणा दुकानात साखर मागायच्या आधीसुद्धा मी आधी माफी मागितल्यासारखी उभी राहते. दुकानदार बाकीच्यांना देऊन मोकळा होतो आणि मग विचारतो, "अक्का, तुमचं काय?"

आमचं गाव जामनेरकडचं. तिथे चौथीपर्यंतच शाळा होती. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, आणि मधे नाला. कापूस वेचायला हात हवेच होते. माझं शिक्षण थांबलं याचं कोणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. वर्गात उभं राहून बोलावं लागायचं ते सुटलं, एवढंच वाटलं.

धुळ्यात आम्ही कामासाठी आलो. फार जुन्या काळी एका कापसाच्या व्यापाऱ्यानं बांधलेली दगडी पेढी इथे आहे. खाली कमानी, वर लाकडी सज्जे, आणि मधोमध मनोरा. कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं "मनोऱ्यापाशी" म्हटलं की तो नेऊन सोडतो. मालकांनी तिची डागडुजी जळगावच्या एका ठेकेदाराला दिली आणि काम झाल्यावर सांभाळायलाही त्यांच्याकडेच ठेवली. त्या ठेकेदारांना आम्ही शेठ म्हणतो. शेठनी आम्हा नवरा-बायकोला राखणीला ठेवलं. पोरीचे वडील फाटक बघायचे, पाणी भरायचे, दिवे लावायचे. मी झाडायचे, पुसायचे.

पोरीच्या लग्नात शेठकडून उचल घेतली. उचल म्हणजे पुढचा पगार आधी घ्यायचा आणि फिटेपर्यंत तिथेच राहायचं. शेठ वाईट बोलले नाहीत. मांडवात स्वतः येऊन जेवून गेले. फक्त एक अट घातली. उचल फिटेपर्यंत दोघांपैकी एकानं कायम इमारतीवर असायचं. चोऱ्या होतात, सागवानी दारं जातात, म्हणून. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की आता आम्ही दोघं मिळून कुठेच जाऊ शकत नाही. लग्नाला नाही, मयताला नाही, बाजारालाही नाही. ते गेले की मी आत. मी गेले की ते आत. आणि मी जायचेच किती?

आमची खोली फाटकातून आलं की डाव्या हाताला, अगदी मनोऱ्याच्या पायाशी. पूर्वीच्या पहारेकऱ्याची. एकच दार, आणि ते समोरच्या अंगणात उघडतं. मागे एक गजाची खिडकी, तिच्यातून गटाराची बोळ दिसते. एवढं सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या दाराचंच आहे.

डागडुजी झाली आणि फोटोवाले यायला लागले. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी यायची. नवऱ्या मुली आमच्या खोलीत साडी बदलायच्या आणि जमिनीवर टाचण्या विसरून जायच्या. कॉलेजची पोरं यायची, कमानींची चित्रं काढायची. एकजण उडणारं यंत्र घेऊन आला होता, तेव्हा मनोऱ्यातली सगळी कबुतरं एकदम उठली आणि दोन दिवस परत बसली नाहीत. येणारे सगळे एकच गोष्ट म्हणायचे, "मावशी, तेवढे दोरीवरचे कपडे काढा ना." मग, "ते पाण्याचं पिंप." मग, "तुम्ही पण जरा आत व्हा." मी आत व्हायचे. मला बरंच वाटायचं. लोकांसमोर उभं राहण्यापेक्षा दार लावून बसलेलं बरं.

एकदा एका फोटोवाल्यानं जाताना मला यंत्राच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. मनोरा, त्याच्या मागे आभाळ, खाली स्वच्छ अंगण. आमचं दार बंद, त्याला नवीन रंग, शेजारच्या दगडात मिसळून गेलेलं. मी म्हटलं, "छान आलं." खरंच छान आलं होतं. तिथे कोणी राहत असेल असं वाटत नव्हतं.

मग पोरीला दिवस गेले. ती पिंपळनेरकडे दिलेली. तिकडे पहिलं बाळंतपण माहेरीच, आणि आमच्याकडेही तसंच. पोरीला कधी नेता हे विचारायला विहीणबाईंचा फोन आला, "पोरले कवय लई जाशात? आमनी रीत शे, पहिलं माहेरलेच." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ह्यांना विचारलं, "माहेर म्हणजे कुठलं? गावाकडचं घर तर पडलं."

ते म्हणाले, "आपण जिथी, तिथी माहेर."

शेठना विचारलं. ते म्हणाले, "आणा की. पोर आपलीच आहे. फक्त काम अडायला नको."

पोर आली तेव्हा दिवाळी जवळ होती. पावसाळा संपला की आमच्याकडे आभाळ निवळतं. उन्हाळाभर ते पांढरं असतं, नुसत्या डोळ्यांनी वर बघवत नाही. आश्विनात निळं होतं. शेठ त्याचीच वाट बघत होते. त्यांना कॅलेंडर छापायचं होतं, मोठ्या मोठ्या लोकांना वाटायचं होतं, म्हणजे अशाच जुन्या इमारतींची पुढची कामं मिळतील. त्यासाठी नाशिकहून खास फोटोवाले बोलावले. वयानं बरे, डोक्यावर टोपी, बोलायला मऊ. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला अक्का आणि ह्यांना दादा.

त्यांचं काम बाकीच्यांसारखं नव्हतं. पहिला दिवस त्यांनी एकही फोटो काढला नाही. नुसते फिरले. मान वर करून फिरून फिरून त्यांना शेवटी चक्कर आली, मी पाणी दिलं. ते म्हणाले, "खालून काढला की मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो, अक्का. सरळ उभा दाखवायला फार लांब जावं लागतं." म्हणून त्यांनी फोटोच्या यंत्राचं तीन पायांचं तिकाटणं फाटकाच्या अगदी कडेला लावलं, आणि ते हलू नये म्हणून त्याला मधोमध पाण्याची बाटली टांगली. तिथून सगळं येत होतं. मनोरा, सज्जे, कमानी, अंगण, आमचं दार.

त्यांना हवं होतं ते आभाळ वेगळंच होतं. दिवस मावळल्यावर आणि काळोख पडायच्या आधी थोडा वेळ आभाळ गडद निळं होतं. तेव्हा खिडक्यांतले दिवे लावले तर दगड सोन्यासारखा दिसतो, म्हणे. तेवढा वेळ फार थोडा. त्या वेळात अंगणात कोणी नको, दोरी नको, धूर नको, दार उघडं नको. सांज व्हायच्या आधी आम्ही माय-लेकी आत जायचो आणि "झालं" अशी हाक आली की बाहेर यायचो.

पहिल्या सांजेला आभाळ धुरकट निघालं. कुठेतरी शेतात काडीकचरा जाळला असेल. दुसऱ्या सांजेला एक ढग आडवा आला. भाऊ सामान आवरायचे. पोर आत घामानं निथळायची. पत्र्याचं दार दिवसभर तापलेलं, सांजेला आत भट्टी. ती म्हणायची, "माय, त्या मनोराले बाहेर हवा आणि आपले आत वाफ." ती सासरी राहून तिकडचं बोलायला लागली होती, आणि धुळ्यात राहून आम्हीही अर्धेमुर्धे तसेच झालो होतो. मी हसायचे, आवाज न करता.

तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "आज आभाळ चांगलं मिळणार. फक्त अंगण ओलं केलं तर दिव्यांचा उजेड खाली पडेल, आरशासारखा."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा भरून ठेवायचं आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचं. मी पिंप, घागरी, दोन डबे, सगळं भरून झाकून ठेवलं होतं. पोरीचे दिवस भरत आलेले. कधी काय होईल सांगता येत नाही, पाणी तर आधी लागतं. मी आत भाकरी टाकत होते. बाहेर पाणी सांडल्याचा आवाज आला. दारात येऊन बघते तर ह्यांनी पिंप आडवं केलेलं. पाणी दगडांवरून फाटकापर्यंत पसरत चाललेलं.

"हे काय केलं?"

"शेठचा फोन होता. भाऊ मागतील ते द्या म्हणे."

"पोरीचं पाणी होतं ते."

ते रिकामं पिंप हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आज फोटो झाला की सुटलो. मी टँकर पाहतो." मला भांडता येत नाही. मी आत जाऊन दार लावून घेतलं. साडेपाच वाजून गेले असतील, ऊन अजून होतं. उरलेल्या घागरींवरची ताटं नीट केली.

ह्यांना भाऊंनी वर पाठवलं. आवाज दिला की मजल्यामजल्यावर दिवे लावत मनोऱ्यापर्यंत जायचं. ह्यांचा फोन आमच्या खोलीत चार्जिंगला लावलेला, तो तिथेच राहिला. भाऊ यंत्रापाशी. आम्ही आत. मी दाराच्या फटीतून बघत होते. एका काडीएवढी फट, तिच्यातून अंगणाचा ओला पट्टा आणि वर थोडं आभाळ दिसत होतं. पिवळं होतं, मग करडं झालं.

पोर म्हणाली, "माय, कंबर भरी उनी."

मी म्हटलं, "सकाळपासून बसलेली आहे, म्हणून असेल."

थोड्या वेळानं तिनं माझा दंड धरला. तिची बोटं इतकी रुतली की मला कळलं, हे कंबर भरण्यातलं नाही. मी तिला भिंतीला टेकवलं. तिच्या खालची सतरंजी ओली झाली.

बाहेर भाऊ म्हणाले, "दादा, दिवे!" वर एकेक खिडकी उजळली असणार. फटीतून दिसलं, ओल्या दगडावर पिवळे चौकोन पडले. आणि वरचं आभाळ निळं व्हायला लागलं.

मला दार उघडायचं होतं. कडीवर हात होता. खरं सांगायचं तर मला पोरीच्या जिवाची भीती वाटत होती, आणि तेवढीच त्या अंगणाचीही वाटत होती. तीन दिवस तो माणूस ज्याची वाट बघत होता त्याच्या मधोमध मी जायचं. शेठचा पैसा. उचल. आणि हाक मारायची म्हणजे ओरडायला हवं, मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. पोर म्हणाली, "माय वं," आणि पुढचा शब्द तिच्या तोंडातून आला नाही.

मी कडी काढली. पत्र्याचं दार फार वाजतं. मी बाहेर पाऊल टाकलं तसे भाऊ ओरडले, "अक्का, आत! आत जा! फोटो चालू आहे!"

मी तिथेच थांबले. दिव्यांचा उजेड सगळा अंगावर. पायाखाली मनोरा उलटा दिसत होता आणि मी त्याच्या टोकावर उभी होते. मला पुढे जाता येईना, मागे जाता येईना. तोंड उघडलं, आवाज नाही.

मग मागून पोर आली. एक हात भिंतीला, एक पोटाखाली. माझ्या पाठीत तिनं कोपर दिलं. "माय, थांबू नको. चाल."

मी चालले. तिला धरून, दगड निसरडे म्हणून एकेक पाय जपून. मधे तिला कळ आली तेव्हा आम्ही अंगणाच्या बरोबर मध्यावर उभ्या राहिलो. मला वाटतं, त्या वेळी मी मोठ्यानं बोलले. "पोरीचे दिवस भरले," असं काहीतरी. भाऊंनी टोपी काढली. एकदा वर आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "गाडी फाटकाबाहेरच आहे. चला."

हे जिन्यावरून धावत खाली आले. त्यांनी पोरीचा दुसरा हात धरला, फाटकापर्यंत आले, आणि तिथे थांबले. भाऊंची किल्ली गाडीला लागली होती. यंत्र अंगणात तसंच उभं. सगळे दिवे लागलेले, सगळी दारं उघडी. पोर म्हणाली, "आबा, बसा ना." हे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी इथीच हाये." आपण येत नाही असं त्यांनी तिला सांगितलं नाही. फाटक ओढून घेतलं, आतून.

दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. मुलगी झाली. भाऊ बाहेर बाकावर बसून होते, त्यांनी नर्सबाईला पेढे आणून दिले आणि मग मला म्हणाले, "मी परत जातो, अक्का. दादा एकटे आहेत." तेव्हा कुठे मला आठवलं की त्यांचं यंत्रही तिथेच आहे.

हे नंतर सांगत होते. आम्ही गेल्यावर आभाळ आणखी निळं झालं. "एवढं निळं मी पाह्यलं नाही वं. जांभळाच्या रंगाचं. मनोरा असा उभा, जसा कोणी वर धरून ठेवला." ते यंत्राजवळ उभे राहिले. त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मग काळं पडलं, आणि त्यांनी एकेक दिवा बंद केला.

भाऊंनी शेठना सांगितलं की त्या दिवशीही आभाळ साधलं नाही. पण अंगणात शेठनी कॅमेरा लावलेला आहे, चोरांसाठी. जळगावात बसून त्यांना फोनवर सगळं दिसतं. पोरीला दवाखान्यातून आणल्यावर त्यांचा फोन आला, मी तिच्या उशाशी बसलेली. हे नुसते "हो शेठ, हो शेठ" म्हणत होते. शेठ म्हणाले, लक्ष्मी आली, आनंद आहे. मिठाई पाठवतो. पण फोटोवाल्याचे दिवस वाढले, लॉजचं भाडं वाढलं, ते मी का सोसू? ते उचलीत लिहून घेतलं.

मिठाईही आली. चांगल्या दुकानातली होती.

पोर, नात आणि आम्ही दोघं परत त्याच खोलीत. भाऊंनी त्यानंतर एका सांजेला फोटो काढला. त्या दिवशी शेक-शेगडी नाही, धुरी नाही, धूर फोटोत येतो म्हणून. नात रडायला लागली. मी दारापाशी जाऊन हळूच म्हटलं, "भाऊ, पोरगी रडते, चालेल का?" ते बाहेरून म्हणाले, "रडू द्या अक्का. रडण्याचा फोटो येत नाही." ते चेष्टेनं म्हणाले. पोरही हसली. माझ्या मनात मात्र ते बरेच दिवस राहिलं.

कॅलेंडर निघालं तेव्हा शेठनी एक आम्हालाही दिलं. चकचकीत, जाड कागद. मनोरा, निळं आभाळ, ओल्या दगडात पिवळे दिवे. डाव्या कोपऱ्यात आमचं बंद दार. हे खिळा शोधायला लागले. पोर म्हणाली, "आबा, आपण त्याच्या आतच ऱ्हातस ना. मंग भिंतीवर कशाले?" ते कॅलेंडर त्यांनी विहीणबाईंना देऊन टाकलं.

पोर सासरी गेली. नातीचं जावळ काढलं तेव्हा हे गेले, मी फोनवर बघितलं. नात पहिल्यांदा चालली ते मी फोनवर बघितलं. ती मला फोनमधली आजी म्हणायची, आणि समोर आली की आईच्या मागे लपायची. लाजाळू आहे, माझ्यावर गेली असं सगळे म्हणतात. मला ते आवडत नाही.

मी आजूबाजूच्या घरी पापड-कुरडया करून द्यायला लागले. बायका पीठ इथेच आणून द्यायच्या, कारण मला फाटक सोडता येत नव्हतं. गच्चीवर वाळत घालायचे. वरून सगळं धुळे दिसतं, पण मी आभाळाकडे फार बघितलं नाही. फोटोवाले येत राहिले, आम्ही दार लावत राहिलो. पगारातून कापलं जायचं ते जायचं, वरून पापडाचे पैसे हे जळगावला नेऊन द्यायचे. दरवेळी परत येऊन म्हणायचे, "थोडेच राह्यले." ते "थोडेच" मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ गेला.

शेवटचे पैसे द्यायला मी गेले. ह्यांचा गुडघा धरला होता, आणि एकानं थांबायलाच हवं होतं. एकटीनं एसटीनं जळगावला जायची ती माझी पहिलीच वेळ. पदराच्या गाठीत पैसे, सगळ्या वाटेत हात त्या गाठीवर. शेजारची बाई बोलायला बघत होती, मी झोपल्याचं सोंग घेतलं.

शेठच्या ऑफिसात गार हवा होती. त्यांनी खुर्ची दिली, मी बसले नाही. चहा मागवला. नातीची चौकशी केली. मी गाठ सोडून पैसे टेबलावर ठेवले. ते म्हणाले, "अक्का, एवढी घाई कशाला? थोडे राहू द्या तुमच्याकडे. दादांच्या गुडघ्याला लागतील. नात मोठी होतेय, लागलं तर अजून न्या. मी कधी मागितलं का?"

नव्हतं मागितलं. ते खरंच होतं. ते हसत होते आणि मनापासून बोलत होते. मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. गुडघ्याचं डॉक्टरनं मोठं बिल सांगितलंच होतं. हो म्हणणं मला नेहमी सोपं जातं.

मी म्हटलं, "नको शेठ. बठ्ठे घ्या. सगळे."

त्यांनी पैसे तसेच ड्रॉवरात टाकले. "बरं. झालं मग. विश्वास आहे."

मी हलले नाही. मोजल्याशिवाय जायचं नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिले. चहा आला, निवला. त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. मग ड्रॉवर उघडला, पैसे बाहेर काढले आणि माझ्यासमोर मोजले. नोटा कुरकुरीत नव्हत्या, त्यांना वेळ लागला. मोजून झाल्यावर म्हणाले, "पूर्ण आहेत. काही राहिलं नाही."

जिना उतरून मी खाली आले आणि ह्यांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"बठ्ठे?"

"बठ्ठे."